शेकडो दाखले आणि वीस रुग्ण

दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे शिवणकाम करणाऱ्यांना जेवायलाही फुरसत नसते. नेमक्या त्याच दिवसांत एक बाई उजवा कोपर धरून माझ्या दवाखान्यात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला आठ महिन्यांपासून दुखत होते. कात्री चालवताना कळ, ओले कपडे पिळताना कळ, चहाचा भरलेला कप उचलतानासुद्धा कळ. शहरात जाऊन त्या दाखवून आल्या होत्या. तेथे 'पीआरपी'ची तीन इंजेक्शने घ्या असा सल्ला मिळाला होता. एका इंजेक्शनला सात हजार. बरोबर कॉलेजात शिकणारा मुलगा होता आणि त्याच्या हातात इंटरनेटवरून छापून आणलेला एक शोधनिबंध.

"डॉक्टरकाका, अमेरिकेतला पेपर आहे. शेकडो पेपरांत याचा संदर्भ दिलाय. ९३ टक्के गुण येतो असं लिहिलंय."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही हो म्हणालात तर पाटल्या सोनाराकडे ठेवते. सीझन हातचा जायला नको."

मी कागद ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी या म्हटले. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर, हाडांचा तज्ज्ञ नव्हे. पण पाटल्या माझ्या शब्दावर गहाण पडणार होत्या. तेव्हा कागद नीट वाचणे भाग होते.

वाचकहो, आधी दुखणे कोठले ते समजून घेऊ. आपण ज्याला 'शीर आखडली', 'शीर दुखते' म्हणतो ती बहुतेक वेळा शीर नसतेच. स्नायू हाडाला ज्या पांढऱ्या, चिवट दोरीने बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात, इंग्रजीत टेंडन. टाचेच्या मागे बोटांनी चाचपून पाहा, जाड दोरी लागते, ती शरीरातली सर्वांत दणकट कंडरा. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटतात. तेथे दुखू लागले की 'टेनिस एल्बो' म्हणायचे. माझ्या पाहण्यातल्या टेनिस एल्बोच्या रुग्णांपैकी एकानेही टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. भाकऱ्या थापणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या, पाने-पेंचिस चालवणारे, गवंडीकाम करणारे, हीच मंडळी.

या कंडरांत रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे त्या भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. पूर्वी आम्ही याला दाह समजत असू आणि चिठ्ठीवर 'टेंडिनायटिस' लिहून सूज उतरवण्याच्या गोळ्या देत असू. १९७६ साली पुड्डू आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी टाचेच्या कंडरेबद्दल लिहिताना दाहापेक्षा झिजेकडे लक्ष वेधले. सूक्ष्मदर्शकाखाली प्रामुख्याने दिसतात ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'टेंडिनायटिस' ही समजूत आता सोडून द्या, असे आवाहन करणारा लेख आला. तरी तो शब्द आजही चिठ्ठ्यांवर सुखाने नांदतो आहे. माझ्याही हातून कधी कधी लिहिला जातो, खोटे कशाला सांगू?

आता मुलाने आणलेला कागद. २००६ सालचा, मिश्रा आणि पावेल्को या दोघांचा. पीआरपी म्हणजे रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून यंत्रात फिरवायचे, त्यातला प्लेटलेटने दाट झालेला भाग दुखऱ्या कंडरेत टोचायचा. डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द घरोघर पोचवलाच आहे. जखम भरून आणणारी द्रव्ये या प्लेटलेटमध्ये असतात, म्हणून कल्पना पटण्याजोगी आहे. पण पटण्याजोगी असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे.

त्या अभ्यासात एकूण रुग्ण होते वीस. पंधरा जणांना पीआरपी आणि तुलनेसाठी पाच जणांना नुसते बधिर करण्याचे औषध. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. आठ आठवड्यांनी पहिल्या गटाची वेदना ६० टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्याची १६ टक्क्यांनी. त्यानंतर तुलनेच्या पाचांपैकी तिघे अभ्यास सोडून गेले किंवा त्यांनी दुसरे उपचार घेतले. म्हणजे पुढची तुलना संपली. ते प्रसिद्ध ९३ टक्के आहेत ते सरासरी दोन वर्षांनंतरचे, फक्त पीआरपी घेतलेल्यांचे. आणि ते '९३ टक्के लोक बरे झाले' असेही नाहीत. वेदनेचा आकडा पूर्वीपेक्षा तेवढा खाली आला, इतकेच. दोन वर्षांत काहीच न करता किती उतार पडला असता, हे सांगायला तुलनेचा गट उरलाच नव्हता.

लेखकांनी फसवणूक केली असे मी मुळीच म्हणत नाही. रुग्ण किती, गळाले किती, सगळे त्यांनी लिहून ठेवले आहे आणि पुढे आणखी तपासणी व्हावी असेही म्हटले आहे. गंमत झाली ती पुढे. शेकडो लेखांनी या निबंधाचा दाखला दिला आणि दाखला देताना वीस हा आकडा वाटेत कोठेतरी सांडला, ९३ तेवढा राहिला.

हे दाखल्यांचे प्रकरण काय आहे? आपल्याकडे दाखला म्हटले की तहसील कचेरी आठवते. शोधनिबंधात मात्र 'हे मी म्हणतो ते अमक्याने आधी दाखवून दिले आहे' असे सांगण्याला दाखला म्हणायचे. कोणत्या निबंधाचा दाखला किती ठिकाणी दिला गेला याची मोजदाद करण्याची कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून तशी सूची छापून येऊ लागली. ही कल्पना त्यांना सुचली ती वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून. कोणत्या खटल्याचा निकाल पुढे कोणत्या खटल्यात वापरला गेला, याची ती सूची होती.

आता आपल्या कोर्टातल्या कोणत्याही मुरलेल्या वकिलाला विचारा. जुना निवाडा न्यायाधीशांपुढे ठेवण्याआधी तो पहिल्यांदा काय पाहतो? वरच्या कोर्टाने तो फिरवला तर नाही ना! वकिलांची सूची हेही सांगते. वैद्यकातली मोजदाद सांगते फक्त संख्या. दाखला कौतुकाने दिला, टीका करायला दिला की न वाचता दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतला, हे त्या आकड्यात दिसत नाही. फिरवलेला निवाडाही त्यात मोठ्या मानाने बसलेला असतो.

ही नुसती शंका नाही. ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने स्नायूंच्या एका दुर्मिळ आजाराबाबतची एक समजूत घेऊन २४२ निबंधांतले ६७५ दाखले ताडून पाहिले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले. समजुतीच्या बाजूचे मोजके निबंध पुन्हा पुन्हा उद्धृत झाले होते आणि विरोधी पुरावा देणाऱ्यांना फारसे कोणी विचारलेच नव्हते. एकाने म्हटले, दुसऱ्याने त्याचा हवाला दिला, तिसऱ्याने दुसऱ्याचा, आणि 'असे असू शकेल' याचे 'असे आहे' झाले. गावात अफवा अशीच फिरते. फरक एवढाच की येथे तळटीपा असतात.

कंडरांच्या बाबतीत तर संशोधकांनी आपल्याच घरची झाडाझडती घेतली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. खेळाडूंच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखते, तिला 'जंपर्स नी' म्हणतात. तिच्या शस्त्रक्रियेवरचे सगळे निबंध कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केले आणि शाळेतल्या पेपरासारखे तपासले. रुग्ण किती होते, किती काळ पाठपुरावा केला, निदान पक्के होते का, शस्त्रक्रियेचे आणि नंतरच्या व्यायामाचे वर्णन नीट आहे का, गुण आला की नाही हे कोणी विचारले, अशा दहा बाबींवर शंभरपैकी गुण. २००० साली हे प्रसिद्ध झाले. पुढल्या वर्षी टाचेच्या कंडरेवरच्या शस्त्रक्रियांचे २६ अभ्यास असेच तपासले गेले.

दोन्हीकडे तेच निघाले. अभ्यास जितका कच्चा, तितके यश जास्त. पक्क्या अभ्यासांत यशाचे प्रमाण कमी आढळले.

असे का व्हावे? याचे उत्तर द्यायला मला परदेशी जावे लागत नाही, माझा दवाखाना पुरतो. ज्या डॉक्टरने सुरी चालवली तोच महिन्याने विचारतो, "काय, बरं वाटतंय ना?" आपला माणूस भिडस्त. तो म्हणतो, "हो साहेब, पुष्कळ फरक आहे." ज्याला फरक नाही तो परत येतच नाही. आलेल्यांची मोजणी होते, न आलेले हिशेबातून जातात. शिवाय दुखणे अगदी टिपेला पोचले की माणूस डॉक्टर गाठतो, आणि टिपेनंतर बरीचशी दुखणी आपोआप उतरतात. श्रेय शेवटच्या इलाजाला मिळते.

येथे मला माझा स्वतःचा हिशेब मांडला पाहिजे. व्यवसायाची पहिली कित्येक वर्षे मी टेनिस एल्बोला स्टिरॉइडचे इंजेक्शन सढळ हाताने देत असे. चार-आठ दिवसांत माणूस हसत येई. एकाने पेढे आणले होते. "डॉक्टरांना हातगुण आहे" असे बाजारात बोलले जाई आणि ते ऐकायला कोणाला आवडत नाही? सहा-आठ महिन्यांनी त्यातले काही जण त्याच कोपराने पुन्हा येत, मी पुन्हा सुई टोचत असे. काही दुसऱ्या डॉक्टरकडे जात, ते मला कळतही नसे.

मग एके दिवशी २००२ सालचा एक डच निबंध वाचनात आला, माझ्यासारख्याच फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांवर केलेला. टेनिस एल्बोचे १८५ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एकाला स्टिरॉइडचे इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला 'जपून वापरा आणि वाट पाहा' एवढाच सल्ला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांत ९२ टक्के यश, फिजिओथेरपीत ४७, वाट पाहणाऱ्यांत ३२. येथेच थांबलो असतो तर माझा हातगुण सिद्ध झाला असता. पण त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला. वर्षाअखेर इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर उतरले, फिजिओथेरपीवाले ९१ वर आणि नुसती वाट पाहणारे ८३ वर. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांवरच्या चाचणीत याला पुष्टी मिळाली. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचे दुखणे उलटले, खोटे इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के.

तो निबंध वाचला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. इतकी वर्षे मी सहा आठवड्यांचेच निकाल पाहत होतो.

आता मुलाच्या पीआरपीकडे परत येऊ, कारण हा हिशेब तेथेही लागतो. २०१० मध्ये हॉलंडमधून पीआरपीच्या बाजूने आणखी एक अभ्यास आला, चांगल्या शंभर रुग्णांचा आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला. वर्षानंतर पीआरपीने ७३ टक्के लोकांना गुण आला, तुलनेच्या गटाला ४९ टक्के. यालाही दाखले भरपूर मिळाले. पण तुलना होती कोणाशी? स्टिरॉइडशी! जे इंजेक्शन वर्षाअखेर रुग्णाला नुसत्या वाट पाहण्यापेक्षा मागे टाकते, त्याच्या शेजारी उभे केले तर कोणताही इलाज उंच दिसेल. 'कशापेक्षा चांगले' हा प्रश्न 'किती टक्के' याच्या आधी विचारला पाहिजे.

पीआरपीची मिठाच्या पाण्याशी गाठ घातली तेव्हा काय झाले तेही पाहा. २०१० मध्येच टाचेच्या कंडरेच्या ५४ रुग्णांवर डच डॉक्टरांनी चाचणी केली. कोणत्या सिरिंजमध्ये काय आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. दोन्ही गटांना व्यायाम एकसारखाच. चोवीस आठवड्यांनी एका गटाचे सरासरी २१.७ गुण वाढले, दुसऱ्याचे २०.५. म्हणजे फरक नाहीच. ब्रिटनमध्ये २०२१ साली २४० रुग्णांवर पीआरपीची खोट्या इंजेक्शनशी तुलना झाली, तेथेही तेच. आणि कोपरापुरते बोलायचे तर त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने ३२ चाचण्या एकत्र तोलून, पीआरपीने रुग्णाला जाणवेल इतका फायदा बहुधा होत नाही, असा निष्कर्ष काढला.

खांद्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती जास्त खर्चाची आहे. खांद्याच्या कंडरेवर वरचे हाड घासते म्हणून ते तासून टाकायचे, ही शस्त्रक्रिया नीर यांनी १९७२ साली मांडली. तो निबंध अस्थिशास्त्रातल्या फार मान्यवर निबंधांपैकी एक. खोट्या शस्त्रक्रियेशी तिची रीतसर तुलना करून २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांचे निकाल आले, तेव्हा हाड तासलेल्यात आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यात रुग्णाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. मधे ४६ वर्षे गेली.

तर मग खूप दाखले मिळालेला निबंध फेकून द्यायचा का? तसेही नाही. स्वीडनमधले हाकन आल्फ्रेडसन यांचा १९९८ चा निबंध पाहा. त्यांची स्वतःची टाच दुखत होती. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा कंडरा तुटलीच तर शस्त्रक्रिया करावीच लागेल म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार द्यायला सुरुवात केली आणि टाच बरी झाली, अशी हकीकत सांगतात. पुढे त्यांनी पंधरा हौशी धावपटूंना तोच व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची, रोज दोन वेळा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. येथेही रुग्ण थोडेच आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. पण इतरांनी तो व्यायाम पुन्हा पुन्हा तपासला. बैठे जीवन असलेल्या ३४ रुग्णांवर २००७ मध्ये तो करून पाहिला तेव्हा ४४ टक्क्यांना गुण आला नाही. २०१५ मध्ये जड वजन सावकाश उचलण्याचा व्यायामही तेवढाच चांगला ठरला. शंभर टक्क्यांची झळाळी गेली, पण कंडरेला हळूहळू भार दिल्याने ती सुधारते हे मूळ टिकून राहिले. त्या बिचाऱ्या व्यायामाची जाहिरात मात्र कोणी करीत नाही, कारण पायरी विकत घ्यावी लागत नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. हे सारे महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्याबद्दल आहे. कोयत्याने किंवा विळीने हात कापला आणि बोट वाकेना किंवा सरळ होईना, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. खेळताना टाचेमागे कोणी लाथ मारल्यासारखे झाले, 'फट्‌' आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तरी तेच. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर व्यायाम नको, लगेच डॉक्टर.

दोन दिवसांनी बाई आणि मुलगा आले. मी मुलाला त्याच्याच कागदावर वीस, पंधरा आणि पाच हे आकडे पेन्सिलीने गोल करून दाखवले. त्याला जरा राग आला असावा. "मग एवढ्या लोकांनी संदर्भ का दिला?" त्याने विचारले. प्रश्न बरोबर होता. पहिला म्हणून दिला, नवा म्हणून दिला, आकडा मोठा म्हणून दिला, असे मी म्हणालो.

बाईंना मी सांगितले, "ताई, पाटल्या राहू द्या. घ्यायचेच म्हटलेत तर इंजेक्शन काही पळून जात नाही." टेबलावर हात टेकवून, तळवा खाली ठेवून, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरायची. डाव्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचे आणि उजव्याने सावकाश खाली सोडायचे. थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले असेल तर पाणी कमी करायचे. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत तपासून घ्यायला पाठवले. कात्रीला धार लावून घ्या, पिळायचे कपडे मुलाकडे द्या, असेही सांगितले. मुलाने मान डोलावली, फार उत्साहाने नव्हे.

त्या सीझनला त्यांनी निम्मीच कामे घेतली. पैशाचे नुकसान झाले, ते मी भरून देऊ शकलो नाही. संक्रांतीला वाण द्यायला आल्या तेव्हा कप उचलता येत होता, जाड कापड कापताना मात्र अजून कळ येत होती. आता पाऊण लिटरची बाटली चालू आहे.